विंडसर्फिंगचा जुना बोर्ड घेताय? आधी वजन, शीड आणि वारा बघा

मालवण : वॉटर स्पोर्ट्सच्या धंद्यात उतरलेल्या तरुणाला विंडसर्फिंगचा जुना बोर्ड स्वस्तात दिसला की हात लगेच खिशाकडे जातो. पण बोर्ड चुकला तर पैसे जातात आणि जिवालाही घोर लागतो. म्हणून घेण्याआधी थोडा हिशेब करावा.

विंडसर्फिंग म्हणजे शीड लावलेली फळी. हिला सुकाणू नसतं. वर उभा असलेला माणूस शीड पुढे-मागे कलवून दिशा बदलतो. लहान ट्रॅक्टरला सहा फुटी रोटाव्हेटर जोडला तर जे होतं, तेच इथे होतं. जोडी जमली नाही की काम होत नाही.

लिटरचा हिशेब
बोर्डवर बहुतेक वेळा लिटरचा आकडा छापलेला असतो. एक लिटर म्हणजे साधारण एक किलो वजन तरंगवण्याची ताकद. माणूस ६५ किलोचा, बोर्ड आणि शीड मिळून वीसेक किलो, म्हणजे नुसतं तरंगायलाच ८५ लिटर लागतात. त्यामुळे ९० लिटरचा बोर्ड नवख्याच्या पायाखाली डगमगतो, बुडायला येतो. शिकणाऱ्याने आपल्या वजनात साधारण १०० मिळवावेत. ६५ किलोच्या माणसाला १६० ते १८० लिटरचा बोर्ड चांगला. रुंदी ७५ सेंटीमीटरच्या वर हवी. मधोमध खाली सोडायची पाती असेल तर उत्तम, तिच्यामुळे बोर्ड आडवा घसरत नाही.

शीड आणि बोर्डची जोडी
शीड मोठं तर बोर्ड रुंद आणि मागचं फिन लांब लागतं. अरुंद बोर्डवर मोठं शीड चढवलं तर त्याची ओढ सांभाळत नाही. उलट जोराच्या वाऱ्यात रुंद बोर्ड लाटांवर उडतो, हातात राहत नाही. ऑलिंपिकमध्ये २०२४ साली आलेल्या आयक्यूफॉइल प्रकारात तेव्हा पुरुषांचं शीड ९ चौरस मीटरचं, तर बोर्ड ९५ सेंटीमीटर रुंद होता. नवख्याला मात्र ४ ते ५.५ चौरस मीटरचं शीड पुरे.

वारा किती?
(६५ किलोच्या माणसासाठी अंदाज)
• ताशी ११ ते २२ किमी : शिकण्यासाठी मोठा बोर्ड
• ताशी २८ ते ३७ किमी : सराव झालेल्यांना ११० ते १३० लिटर, शीड ५.५ ते ६.५ चौ. मी.
• त्याहून जास्त : ८० ते ९५ लिटर, शीड ४ ते ५ चौ. मी. हे फक्त तयार माणसाचं काम

सकाळची फसगत
सकाळी समुद्र शांत दिसतो, पण मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. नवखा माणूस नकळत आत ओढला जातो. दुपारनंतर समुद्राकडून येणारा खारा वारा किनाऱ्याकडे आणतो. पावसाळ्यात तर शिकायला उतरूच नये. लाइफ जॅकेट घालावं आणि काही बिघडलं तरी बोर्ड सोडून पोहत निघू नये. बोर्ड तरंगतो, तोच आधार.

जुना बोर्ड तपासताना
वरून अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागला तर आतून खराब. हलवून पाण्याचा आवाज येतो का ऐका. फिन बसते तिथे आणि शिडाच्या काठीच्या खाचेजवळ तडे बघा.

छोटा बोर्ड वेगवान असतो, दिसायलाही देखणा. पण पहिला बोर्ड मोठाच घ्यावा. हात बसला की छोटा घेता येतो.