दिल्लीतला कृषी महामेळा आणि आपले भाऊसाहेब

दिल्लीचं प्रगती मैदान म्हटलं की पुस्तकं, गाड्या, व्यापार मेळा. पण त्या परिसरात 1959 च्या डिसेंबरात जागतिक कृषी प्रदर्शन भरलं होतं, आणि त्यामागचा मुख्य माणूस अमरावतीचा होता: डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख! भाऊसाहेबांनी 1955 मध्ये स्थापलेल्या भारत कृषक समाजानं हे प्रदर्शन घडवलं. शेतकऱ्यांच्या संघटनेनं जगाला आमंत्रण द्यावं, हे धाडस आजही मोठंच वाटतं.

11 डिसेंबरच्या उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि पंडित नेहरूंसोबत अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. शीतयुद्धाचा काळ; अमेरिका आणि रशिया, दोघांचीही दालनं तिथे! अमेरिकेच्या दालनाचे वास्तुरचनाकार मिनोरू यामासाकी. पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे उभारले ते यांनीच.

हे प्रदर्शन म्हणजे नुसतं कौतुक नव्हतं. देशात धान्याची टंचाई होती. काही महिन्यांतच, मे 1960 मध्ये, अन्नमंत्री स. का. पाटील यांनी (हेही आपलेच!) अमेरिकेच्या पीएल-480 या अन्नमदत कायद्याखाली गहू-तांदळाचा मोठा करार केला. त्यामुळे प्रदर्शनात शेतीची यंत्रं दाखवणाऱ्यांचा डोळा इथल्या बाजारपेठेवर होता, असं माझं मत.

आता दिल्लीत शेतकऱ्यांची खरी गर्दी होते ती पुसाच्या कृषी संशोधन संस्थेतल्या कृषी विज्ञान मेळ्याला. तिथे भाषणं कमी ऐकली तरी चालेल, पण नव्या वाणांच्या बियाण्यांच्या रांगेत मात्र सकाळीच उभं राहा.