वंशावळ लिहिताना आधी कुणाला गाठायचं?

बारावीचा निकाल लागला की इस्लापूरच्या बाजारात एकच बोलणं ऐकू येतं, पोरीची वैधता निघाली का? जात वैधतेच्या अर्जाला वंशावळ लागते, तीही शपथपत्रावर. आता पोरं मोबाइलमधल्या वंशवृक्षाच्या अ‍ॅपवर नावं भरतात. माझ्या जावेच्या पोरानं अशीच भरली. मामा, मावश्या, सोयरेधायरे धरून ऐंशी नावं! झाड दिसायला झकास. पण अर्जाच्या कामाची त्यात सात-आठच, आणि नेमके त्यांचेच कागद कुणी शोधले नव्हते.

मग आधी कुणाला शोधायचं? जात बघतात ती बापाकडच्या रक्ताच्या नात्यावरून. म्हणून पहिला प्रश्न भावकीत विचारा, कुणाला आधी वैधता मिळालीय का? सख्खा चुलता, चुलतभाऊ, आत्या, कुणीही चालेल. तो कागद सापडला तर निम्मं ओझं उतरलं.

नसेल तर जुना कागद धुंडायचा. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967, या तारखांच्या आधीच्या नोंदीला वजन असतं. इथंच आपण चुकतो. आपण सगळ्यात जुन्या माणसामागं लागतो. पणजोबा शाळेची पायरी चढलेच नसतील तर त्यांचा कागद येणार कुठून? पण त्यांचा धाकटा भाऊ चार वर्षं शाळेत गेला असेल. त्याचा प्रवेश-निर्गम उतारा पणजोबांच्या नावापेक्षा मोलाचा. तो आपल्याच घरचा, हे दाखवायला जमिनीचा वारस फेरफार कामी येतो. सातबाऱ्यावर जात नसते, पण फेरफारात कोण कुणाचं लेकरू ते कळतं.

आत्याला तर कुणी मोजतच नाही. लग्न होऊन गेली म्हणून तिचं नाव झाडातून गळतं. अहो, तिच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव आणि जात दोन्ही असतं! फक्त शोधायचं ते माहेरच्या नावानं.

हेच आपल्यालाही लागू. ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभं राहायचं तर नवऱ्याचे कागद चालत नाहीत. आपली जात माहेरची, म्हणून माहेरचीच वंशावळ हवी. निवडणूक लागल्यावर भावाला फोन करण्यात अर्थ नाही.

आपल्या इस्लापूरची एक गोष्ट वेगळी आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, तोवर इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात होतं. त्यामुळं जुन्या नोंदी इथं सापडल्या नाहीत तर तेलंगणाकडं चौकशी करावी लागते. निजामाच्या काळातला कागद बहुधा उर्दूत, साल फसली. फसली सालात 590 मिळवा. 1352 म्हणजे साधारण 1942-43.

गोंडांच्या घरी प्रधान किकरी वाजवत पिढ्या सांगायचे. त्यांच्या तोंडची नावं ऐकून लिहून ठेवा, शोधायला वाट मिळते. समितीला मात्र नोंदच लागते. मोबाइलमधलं झाड म्हणजेही पुरावा नव्हे.

आजोळ सोडून द्या असं मी म्हणत नाही. सिकलसेलसारखा आजार आईबाप दोघांकडून येतो, तिथं मामा-मावश्या तितक्याच महत्त्वाच्या. पण ते दुसरं काम, त्याला दुसरी वही करा.

जावेच्या पोराचं काम शेवटी तिच्या नवऱ्याच्या म्हाताऱ्या आत्याकडूनच हललं. नव्वदीची बाई. तिला शाळेचं गाव आठवलं, गुरुजी आठवले, आणि भावाचं नाव हजेरीत वेगळंच लिहिलं होतं हेही आठवलं. पोरगं त्याच नावानं रजिस्टर चाळायला गेलं.