साखरेच्या थरांत शोधलेलं प्रथिन

डिस्टिलरीत मळीवर यीस्ट सोडलं की अल्कोहोल तयार होतं, हे अहिल्यानगर जिल्ह्याला सांगायला नको. विठ्ठलराव विखे पाटलांचा तिथला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०चा. पण ज्या यीस्टच्या जिवावर हे चालतं, त्याची सगळी प्रथिनं घडतात रायबोसोमवर. जोमानं वाढणाऱ्या एका पेशीत सुमारे दोन लाख रायबोसोम असतात आणि प्रत्येकात ७९ प्रकारची प्रथिनं.

या गर्दीतलं एकच प्रथिन ओळखायचं कसं? प्रतिपिंडानं. ते प्रथिन सशाला टोचलं की सशाच्या रक्तात त्याला चिकटणारं प्रतिपिंड तयार होतं. यीस्टची भिंत चिवट, म्हणून पेशी काचेच्या बारीक मण्यांबरोबर जोरात हलवून फोडतात. तो अर्क साखरेच्या द्रावणावर ओततात. द्रावण वर १० टक्के, तळाशी ५० टक्के. ही साखर म्हणजे उसातलीच सुक्रोज. सेंट्रिफ्यूजमध्ये प्रचंड वेगानं फिरवल्यावर रायबोसोमचे सुटे भाग वर राहतात, अखंड रायबोसोम खाली जातात आणि एकाच आरएनएवर ओळीनं काम करणारे सर्वांत खाली. मग प्रत्येक थराचा नमुना जेलवर चालवून प्रतिपिंड लावायचं. प्रथिन कोणत्या थरात आहे, ते पट्टा दिसताच कळतं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शोभना शर्मा यांचा गट रायबोसोमकडे वळला तो मलेरियामुळे. परजीवीच्या रायबोसोममधल्या पी-झिरो प्रथिनाविरुद्धचं प्रतिपिंड परजीवीची वाढ रोखतं, हे त्यांनी १९९७ साली दाखवलं. पुढे २००५ साली माद्रिदच्या शास्त्रज्ञांसोबत त्यांनी हेही दाखवलं, की यीस्टचं स्वतःचं पी-झिरो नसताना परजीवीचं पी-झिरो त्याची जागा घेऊ शकतं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. निरुपद्रवी यीस्टमध्ये एका घातक जंतूचं प्रथिन अभ्यासता येतं, ते यामुळे.

मात्र प्रथिनांमधल्या साम्यात एक धोकाही आहे. रायबोसोममधल्या पी-झिरो, पी-वन आणि पी-टू या तिन्ही प्रथिनांचं शेपूट जवळजवळ सारखं असतं. ल्युपस या आजाराच्या काही रुग्णांच्या रक्तात या शेपटाविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात आणि ती तिन्ही प्रथिनांना चिकटतात. त्यामुळे पट्टा दिसला म्हणून हवं तेच प्रथिन सापडलं, असं होत नाही. त्या प्रथिनाचं जनुक काढल्यावर पट्टा नाहीसा होतो का, हे पाहावं लागतं. पी-वन आणि पी-टूची चारही जनुकं काढली तरी यीस्ट जगतं, म्हणून तिथे पडताळणी सोपी. पी-झिरोविना ते मरतं. तिथे जनुक बंद-चालू करता येणारा वाण लागतो. ही पडताळणी झाल्याशिवाय प्रतिपिंडाच्या कोणत्याही निष्कर्षावर विश्वास ठेवू नये.