टोकन केव्हा प्रतिभूती ठरते?

एखादे डिजिटल टोकन ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी राखल्या जाणाऱ्या सामायिक नोंदवहीत, नोंदलेले आहे एवढ्यावरून प्रतिभूती (सिक्युरिटी) ठरत नाही, आणि त्याच कारणाने प्रतिभूतींच्या कायद्यातून सुटतही नाही. अमेरिकेत हा निर्णय होतो तो विक्रीच्या वेळी खरेदीदाराला कोणती आशा दाखवली गेली आणि ती फलद्रूप होणे कोणाच्या प्रयत्नांवर अवलंबून होते, यावरून.

या विचाराचे मूळ फ्लोरिडातील हॉवे कंपनीच्या लिंबूवर्गीय फळबागांत आहे. ही कंपनी बागेचे लहान लहान पट्टे विकत असे आणि तिच्याशी संलग्न असलेली दुसरी कंपनी दहा वर्षे मशागत, तोडणी व विक्री सांभाळण्याचा करार पुढे करीत असे. खरेदीदार बहुतेक परप्रांतीय आणि बागायतीची माहिती नसलेले होते. पाच एकरांहून कमी जमीन घेणाऱ्यांच्या वाट्याला सरासरी १.३३ एकर येई आणि सर्वांची फळे एकत्रच विकली जात. हा जमिनीचा साधा व्यवहार आहे, हा बचाव १९४६ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि गुंतवणूक-कराराची कसोटी सांगितली: पैसा सामायिक उपक्रमात गुंतवलेला असावा, त्यातून नफ्याची अपेक्षा असावी आणि तो नफा इतरांच्या प्रयत्नांतून मिळणार असावा.

पुढे टोकनांनाही हीच कसोटी लागू झाली. टेलिग्रामने भावी टोकनांच्या बदल्यात सुमारे १.७ अब्ज डॉलर गोळा केले होते. नंतर ती टोकने बाजारात पुनर्विक्रीसाठी येणार, हे ध्यानात घेऊन न्यायालयाने २०२० साली त्यांचे वितरण रोखले. रिपल कंपनीच्या खटल्यात मात्र जुलै २०२३ मध्ये निकाल दुभंगला. मोठ्या संस्थांना थेट केलेली एक्सआरपी टोकनांची विक्री हा गुंतवणूक-करार ठरला. विनिमय-मंचावरील विक्री तशी ठरली नाही, कारण तेथे आपला पैसा रिपलकडे जातो की दुसऱ्या कोणाकडे, हे खरेदीदाराला कळत नव्हते. टोकन स्वतः प्रतिभूती नसून त्याभोवतीचा व्यवहार तपासायचा असतो, हे या निकालातील सूत्र हॉवेशी सुसंगत आहे. परंतु त्यातून निघालेला परिणाम पटण्याजोगा नाही, कारण स्वतःची चौकशी स्वतः करू शकणाऱ्या संस्थांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि ज्याला त्याची सर्वाधिक गरज होती तो सामान्य खरेदीदार उघड्यावर राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस टेराफॉर्म या टोकन विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात त्याच जिल्हा न्यायालयातील दुसऱ्या न्यायाधीशांनी थेट विक्री आणि मंचावरील विक्री असा भेद करणे नाकारले.

भारतीय वाचकाला ही कसोटी अनोळखी वाटू नये. साग व अन्य वृक्षलागवडीच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या योजनांच्या पार्श्वभूमीवर १९९९ च्या दुरुस्तीने सेबी कायद्यात आलेले कलम ११एए सामूहिक गुंतवणूक योजना ओळखताना जवळपास हेच पाहते: पैसे एकत्र करून वापरले जातात का, नफ्याच्या हेतूने दिले जातात का, व्यवस्थापन गुंतवणूकदारांच्या वतीने दुसरे कोणी करते का, आणि दैनंदिन कारभारावर गुंतवणूकदारांचे नियंत्रण नसते का. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी व्याख्या करून तिच्यावरील नफ्याला ३० टक्के कर लावला, पण कर आकारला म्हणून ती मालमत्ता प्रतिभूती ठरत नाही, किंवा गुंतवणूकदाराला विक्रेत्याच्या हिशेबांची व जोखमींची माहिती मागण्याचा हक्कही त्यातून मिळत नाही.