दाद न देणारे जंतू

दाद हा शब्द आम्हा कवींच्या फार जवळचा. मुशायऱ्यात दाद मिळाली नाही तर कवी खट्टू होऊन घरी जातो, इतकेच. पण वैरागच्या आमच्या घरात हा शब्द मी प्रथम ऐकला तो डॉक्टरांच्या तोंडून. "जंतू आता औषधाला दाद देत नाहीत," असे ते अब्बांविषयी म्हणाले. मी तेव्हा शाळकरी पोर होतो.

अब्बांना क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनची सुई आणि सोबत गोळ्या. सुईसाठी बार्शीला जायचे म्हणजे एसटीचे भाडे द्यायचे आणि दिवसाची मजुरीही बुडवायची. दोन महिन्यांत ताप उतरला, भूक लागू लागली. मग कधी सुई चुकली, कधी गोळ्या. शेवटी दोन्ही बंद पडले. वर्षाने खोकला परतला, तेव्हा तीच सुई फुकट गेली.

असे का झाले, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळले. प्रत्येक पेशीत रायबोसोम नावाचे अतिसूक्ष्म कारागीर असतात. जुन्या छापखान्यात कंपोझिटर हस्तलिखित वाचून खिळे जुळवी, तसे हे जनुकांचा निरोप वाचून प्रथिने जुळवतात. अमेरिकेत १९४३ साली मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालेले स्ट्रेप्टोमायसिन जंतूच्या रायबोसोमवर जाऊन बसते. कंपोझिटर चुकीचे वाचू लागतो, प्रथिने बिघडतात, जंतू मरतो. आपल्या रायबोसोमची घडण वेगळी, म्हणून आपण बचावतो. या रचनेचा बारकाईने उलगडा करणाऱ्या तिघांना २००९ चे नोबेल मिळाले. त्यांत आपले वेंकटरामन रामकृष्णन होते.

मग जंतू निसटतो कसा? उर्दूत 'खुदा' आणि 'जुदा' यांत एका टिंबाचाच फरक. टिंब वर दिले तर खुदा, खाली दिले तर जुदा. कोट्यवधी जंतूंतल्या एखाद्याच्या जनुकातही असेच एखादे अक्षर आपोआप बदलते. रायबोसोमचे काम चालू राहते, पण औषधाला बसायला जागा उरत नाही. बाकीचे जंतू औषधाने मरतात आणि या एकाला रान मोकळे मिळते. काही जातींचे जंतू तर औषध निकामी करतात किंवा पेशीबाहेर फेकून देतात.

म्हणूनच क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देतात. एकातून निसटलेला जंतू दुसऱ्याने मरावा, हा हेतू. औषधे अर्धवट घेतली की या कुंपणाला भगदाड पडते. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. तपासून पाहिलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते.

आज वाट थोडी उजळली आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी २०२४ मध्ये भारत सरकारने चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. त्यातले लिनेझोलिड रायबोसोमवरच, पण निराळ्या जागी बसते. मात्र जंतूंचे अक्षर बदलणे थांबलेले नाही. बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर असते, ते पुरी औषधे घेऊनच काटावे लागते.

अब्बांना ते काटता आले नाही. ते गेल्यावर उरलेल्या गोळ्यांची पुडी कितीतरी दिवस आमच्या कोनाड्यात पडून होती.