वाचनालयातला खेळ

वाचनालयात व्हिडिओ गेम म्हटले की आपल्याकडे नाके मुरडली जातात. पण १८४० साली स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय पाहा. आपल्या 'सावाना'ने पुस्तकांखेरीज वस्तुसंग्रहालय सांभाळले, साईखेडकर नाट्यगृह चालवले. नाटकाने वाचक बिघडल्याचे ऐकिवात नाही.

अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २००८ पासून नोव्हेंबरात खेळांचा दिवस सुरू केला. तिकडची अनेक ग्रंथालये गेमच्या डिस्क पुस्तकांप्रमाणेच घरी देतात. हेतूही तोच: एकट्याला परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून वापरायचे. आपल्याकडे मोबाइल घरोघरी पोचला आहे. मुलाला गेम मिळतो; सोबती मिळत नाही. माझ्या मते वाचनालयाने तोच द्यावा. एक पडदा, चार मुले, शेजारी पुस्तकांचे कपाट. पुण्यात घडलेला 'राजी' (२०२०) हा गेम घ्या. धाकट्या भावाला असुरांकडून सोडवायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. खेळता खेळता एखादे पोर 'हा असुर कोण?' विचारणारच. त्या क्षणी पुराणकथांचे पुस्तक हाताशी हवे, आणि ते काढून देणारा ग्रंथपालही.

अडचण गोंगाटाची. वाचनकक्षापासून दूर अशी एक खोली लागते, आणि लहान वाचनालयांकडे बहुधा तीच नसते.