पेरमाने आंबा चाखेपर्यंत

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता. ‘अमेरिकेतल्या कॉलेजांत पोरांची बंधुमंडळं असतात, त्यात विधी सांभाळणारा एक पदाधिकारी असतो म्हणे. आपल्याकडे असं कोणी आहे का, बघा.’

मी आधी तिकडचं थोडं वाचलं. १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ‘फाय बीटा काप्पा’ नावाचं मंडळ निघालं. ग्रीक अक्षरांची नावं, गुप्त खुणा, हस्तांदोलनाची खास पद्धत हे सगळं तिथे होतं. १८५५ साली ओहायोत निघालेल्या ‘सिग्मा काय’ या मंडळात तर एक ‘कस्टॉस’च असतो. शब्द लॅटिन, अर्थ राखणदार. विधी चालू असताना दारावर उभं राहायचं आणि विधीचं सामान नीट ठेवायचं ही त्याची कामं. वाचून मला आधी आपलं गणेश मंडळ आठवलं आणि त्यातला आरतीचं तबक, समया नि ढोल कुठल्या खोलीत आहेत हे एकट्यालाच ठाऊक असणारा तो कार्यकर्ता. पण गणेश मंडळ दहा दिवसांचं. वर्षभर पोरांनी चालवायची, पदं, कामं आणि दंड असलेली संस्था हवी होती. तशी एक आहे. तिचं नाव गोटूल, माडिया आदिवासींच्या गावांतलं.

म्हणून अहेरी.

गडचिरोलीहून शंभरावर किलोमीटर दक्षिणेला, प्राणहितेच्या काठचं हे गाव. नदीपलीकडे तेलंगण. बाजारात तेलुगू, गोंडी, माडिया आणि झाडीपट्टीची मराठी एकाच ओट्यावर ऐकू येतात. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारीचं हे ठाणं. आत्राम राजांचा वाडा अजून आहे आणि दसऱ्याला रानातली माणसं वाड्यावर येतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा अहेरी गडचिरोलीत गेली. इतिहास इतका पुरे. मला गोटूल बघायचं होतं आणि ते अहेरीत नव्हतं. आलापल्लीच्या सागवानातून पूर्वेला, भामरागडच्या दिशेने, डांबरी सोडून अजून बरंच आत जावं लागलं.

वाटाड्या मिळाला तो अहेरीच्या कॉलेजात बी. ए.ला असलेला एक माडिया मुलगा. भाड्याच्या खोलीत चौघे राहतात, भात स्वतः शिजवतात. त्याला मी विचारलं, ‘तुझ्या गावच्या गोटुलात तुझ्याकडे काय काम?’ तो लाजला. ‘काही नाही जी. ढोल पाहतो. लाकडं पाहतो.’ पुढचे तीन दिवस मी त्या ‘काही नाही’चाच हिशेब मांडत होतो.

गोटुलाविषयी मराठी वाचकाच्या डोक्यात जे चित्र असतं, ते बहुतेक व्हेरियर एल्विन यांच्या १९४७ सालच्या मुरियांवरच्या जाडजूड ग्रंथाचं, आणि त्यातल्याही नेमक्या काही प्रकरणांचं असतं. नंतरच्या साप्ताहिकांनी ती प्रकरणं चवीने वाटली. ते गोटूल बस्तरमधल्या मुरियांचं, म्हणजे अबुजमाडच्याही पलीकडचं. तिथे मुलगे ‘चेलिक’, मुली ‘मोटियारी’, दोघंही रात्री गोटुलात. इकडे माडियांकडे मुली नाचायला येतात आणि झोपायला घरी जातात. मुक्काम मुलग्यांचा. गावात आलेला पाहुणाही गोटुलातच उतरतो, गावाची बैठकही तिथेच भरते. रात्री पोरांचं वसतिगृह आणि दिवसा गावाची कचेरी, असं समजा.

एल्विनच्या ग्रंथातला मला सर्वांत आवडलेला भाग मात्र त्या साप्ताहिकांनी कधी छापला नाही. तो पदांचा आहे. गोटुलात दाखल झालेल्या प्रत्येक पोराला नवं नाव मिळतं आणि ते नाव म्हणजे हुद्दा असतो: सिरदार, दिवाण, कोटवार, हवालदार, मुन्शी. राजाच्या कचेरीत जे जे दिसलं, ते सगळं पोरांनी उचलून आपल्या घरात बसवलं. मुलींच्या प्रमुखाला बेलोसा म्हणायचं. रोज प्रत्येकाने जळणाचं लाकूड आणायचं, कोणी आणलं नाही ते कोटवाराने बघायचं, चुकारांना दंड. लग्न झालं की हुद्दा सुटला आणि गोटूलही सुटलं. व्हर्जिनियातल्या पोरांनी ग्रीक अक्षरं घेतली, बस्तरच्या पोरांनी तहसील घेतली. मला दुसरी निवड जास्त मिश्किल वाटते.

माडियांच्या गोटुलात हुद्द्यांचा एवढा थाट नाही. माझ्या वाटाड्याला हुद्दा नव्हताच. पण कामं होती. संध्याकाळी गावातली पोरं एकेक लाकूड घेऊन येतात. मधोमध विस्तव असतो, तो विझू द्यायचा नाही. ढोल खांबाला उंच टांगायचे, म्हणजे उंदीर कातडं कुरतडत नाहीत. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, मग नाचाआधी ते आगीजवळ धरून तापवायचं. किती जवळ धरायचं, हे सांगताना त्याने हाताचं अंतर दाखवलं. एका ढोलाला त्याने चार वेळा शेक दिला, चार वेळा बोटाने टकटक केली आणि पाचव्यांदा मान हलवली. मला चौथ्या आणि पाचव्या आवाजात फरक कळला नाही. पाहुणा आला की खाट, पाणी, विस्तव. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पंडुम आला की घरोघर निरोप.

पंडुम म्हणजे सण. पण सण म्हटलं की आपल्याला कॅलेंडर आठवतं, आणि पंडुमाला कॅलेंडर नाही. तारीख ठरवतो पेरमा.

पेरमा हा गावाचा भूमीचा पुजारी. बहुतेक ठिकाणी तो गाव प्रथम वसवणाऱ्या कुळातला असतो, कारण जमिनीशी पहिला करार त्याच कुळाने केला, अशी समजूत आहे. गायता वेगळा. तो गावाचा प्रमुख, भांडणतंटे, न्यायनिवाडा त्याच्याकडे. शासनाचा पोलीस पाटील तिसराच. पेरमाकडे ना शिक्का, ना मानधन. वाटाड्याच्या गावचा पेरमा त्याचा मामा लागतो. लुंगी, उघडं अंग, कमरेला सुरी, तोंडात तंबाखू. आम्ही गेलो तेव्हा तो कुंपणाचे बांबू बांधत होता आणि आमच्याशी बोलताना त्याने ते काम एकदाही थांबवलं नाही.

ते एप्रिलचे दिवस. गोटुलाच्या मागे आंब्याचं थोरलं झाड, कैऱ्यांनी वाकलेलं. खाली आठ-दहा पोरं खेळत होती. मी कोकणातला. कैऱ्यांनी लगडलेल्या झाडाखाली पोरं आहेत आणि एकाच्याही हातात दगड नाही, हे मी आयुष्यात प्रथम पाहिलं. कैरी खाली पडलेली होती, तीही कोणी उचलत नव्हतं.

कारण मर्का पंडुम अजून झाला नव्हता. मर्का म्हणजे आंबा. पेरमा देवाला पहिला आंबा वाहील, स्वतः चाखेल, मग गाव खाईल. तोवर नाही. मोहाचं तेच, नव्या धान्याचं तेच. पेरणीआधी विज्जा पंडुम असतो. प्रत्येक घरातून मूठभर बी येतं, पेरमा ते देवापुढे ठेवतो आणि त्यानंतरच शेतात बी पडतं. गावाच्या पोटापाण्याच्या एकेका वस्तूला असं कुलूप आहे आणि किल्ली एका माणसाच्या जिभेवर.

मी मामाला विचारलं, ‘कोणी चोरून खाल्ला तर?’

भाच्याने माडियात विचारलं, उत्तर ऐकलं आणि हसून सांगितलं, ‘मामा म्हनते, पोट दुखते.’

‘आणि नाही दुखलं तर?’

यावर मामाने प्रथमच बांबूवरून नजर उचलली. भाचा म्हणाला, ‘मामा म्हनते, ह्या साहेबाने खाल्ला का काय?’

अभ्यासक या नियमाला निसर्गरक्षण म्हणतात. कोय धरल्याशिवाय फळ तोडलं जात नाही, बी रानात पडतं, पाखरांना वाटा मिळतो. ते खरंच आहे. पण मामा तसं काही म्हणाला नाही आणि त्याच्या तोंडी ते घालायची मला गरज वाटत नाही. मला त्यातली यंत्रणा भावली. पहारा नाही, कुंपण नाही, पावती नाही. एक माणूस अजून खात नाही, एवढ्यावर सगळं गाव थांबलेलं.

पंडुमाच्या आदल्या दिवशी पोरांचं काम सुरू होतं. घरोघर निरोप, तांदूळ-कोंबडीची वर्गणी, लाकूड, पाणी, ढोल तापवणं. पंडुमाच्या दिवशी कोणी कामाला जात नाही. रात्री मुली येतात, फेर धरतात, ‘रेला’चा सूर लागतो. कुठल्या घरून काय आलं, कुठलं यायचं राहिलं, हे भाच्याने लिहून ठेवलेलं नसतं, तरी त्याला पाठ असतं. विधी मामाचा, पण तो घडवून आणतो भाचा. कस्टॉस म्हणायचं तर यालाच म्हणावं, फक्त याला राखायला दार नाही. गोटूल तीन बाजूंनी उघडं होतं.

सगळंच कौतुकाने लिहिलं तर तो खोटेपणा होईल. गोटुलापासून हाकेच्या अंतरावर एक ठेंगणी झोपडी होती, उभं राहता येणार नाही इतकी. ते कुर्माघर. पाळीच्या दिवसांत बायकांनी तिथे राहायचं, पावसात, सापकिरड्यांत. ज्या शिस्तीने कैरीला हात लागत नाही, त्याच शिस्तीने हेही चालतं. मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, ‘बहीन म्हनते का मी नाही जात.’ बहीण नर्सिंगला आहे. ती सुट्टीत घरी आली की काय होतं, ते त्याने सांगितलं नाही.

आता अडचणीचं.

तीन रात्री मी गोटुलात झोपलो. पहिल्या रात्री चार पोरं होती, त्यातली दोन माझ्यासाठी आलेली. दुसऱ्या रात्री दोन. तिसऱ्या रात्री मी, भाचा आणि एक म्हातारा, ज्याला घरी खोकल्यामुळे सून ओरडते. मामाच्या तरुणपणी झोपायला जागा पुरत नसे.

पोरं आश्रमशाळेत आहेत. सहाव्या-सातव्या वर्षी जातात, दहावी-बारावीला बाहेर पडतात. गोटुलात शिकायचं वय नेमकं तेच. हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, १९७६ला तिथे शाळा आली, आणि तिथून शिकून डॉक्टर-शिक्षक झालेले माडिया आज आहेत. शाळेविरुद्ध बोलण्याची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. भाचा तिथे शिकला नसता तर माझ्याशी मराठीत बोलला नसता. पण गोटूल हे रात्रीचं घर आहे आणि वसतिगृहही रात्रीचंच. एका पोराला दोन ठिकाणी झोपता येत नाही.

जे शाळेतून सुटले, त्यांना काम खाणीकडे दिसतं. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिज निघतं. ट्रकांच्या लाल धुळीने रस्त्याकडेची झाडं विटकरी झाली आहेत. त्याच डोंगरावर ठाकुरदेव आहे, जानेवारीत त्याची यात्रा भरते, गावोगावचे लोक पायी येतात. देवाचा डोंगर आणि कंपनीचा डोंगर एकच, हा वाद ग्रामसभांनी अनेकदा मांडला आहे. तो इथे सोडवता येणार नाही. माझ्या लेखापुरतं एवढंच की पाळीवर काम करणारा पोरगा पेरमाच्या निरोपावर घरी येऊ शकत नाही. पाळीची तारीख आधी ठरते, पंडुमाची नंतर.

पोरं टिकवण्यापेक्षा इमारत पुन्हा उभी करणं सोपं असतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने गोटूल नव्याने उभं केलं, तेव्हा त्यासाठी रानातलं लाकूड वापरलं म्हणून वनखात्याने ते पाडलं. मग आसपासच्या गावांनीही गोटुलं बांधायला घेतली. पुढे याच मेंढ्याला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्या लढ्याची एक सुरुवात गोटुलाच्या खांबांपासून झाली, हे लोक विसरतात. हल्ली सरकारी निधीतूनही ‘गोटूल भवनं’ होतात. सिमेंटची, टाइल्सची, लोखंडी दरवाजाची. वाटेत असं एक लागलं. कुलूप होतं. किल्ली कोणाकडे, ते शेजारच्या घरात ठाऊक नव्हतं. मधोमध विस्तव पेटवायचा तर टाइल्स तडकतील, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडला नसावा.

निघायच्या दिवशी भाच्याने मामाला मर्का पंडुम कधी, असं विचारलं. मामाने झाडाकडे पाहिलं, एक कैरी सुरीने चिरली, कोय नखाने दाबून पाहिली, फेकून दिली. ‘अजून आठ दिवस. नाहीतर दहा.’ भाच्याची विद्यापीठाची परीक्षा त्याच आठवड्यात येणार होती. तो पुन्हा काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर माझ्या मोटरसायकलवर मागे बसून त्याने दोनदा विचारलं, ‘सर, पेपर पुढे ढकलते का कधी?’

अहेरीत आणि भामरागडात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांची कार्यालयं आहेत आणि आश्रमशाळा त्यांच्या अखत्यारीत येतात. त्यांना माझी एक विनंती आहे. पंडुमाची सुट्टी जाहीर करता येणार नाही, हे मला कळतं, कारण गावागणिक तारीख वेगळी आणि ती झाडावर अवलंबून. पण ज्या पोराच्या गावचा पंडुम आहे, त्याला ग्रामसभेच्या चिठ्ठीवर दोन रात्री घरी सोडता येईल. पेरमाकडे शिक्का नाही, ग्रामसभेकडे आहे. कॉलेजांनीही पेपर राहिलेल्या अशा विद्यार्थ्याला पुन्हा बसू द्यावं. या वर्षी तरी भाचा परीक्षेलाच बसला, आणि त्याच्या गावी ढोल दुसऱ्या कोणी तापवले.